पुलाअलीकडचा अपघात

माणसाची नीती घरात कळत नाही, ती प्रवासात कळते, असं माझे काका आयुष्यभर सांगत आले आहेत. ते स्वतः प्रवास करत नाहीत. मोटारीत बसलं की त्यांना मळमळतं, बसमध्ये अनोळखी माणसं त्यांच्या खांद्यावर झोपतात आणि विमान त्यांच्या मते अजून पुरेसं सिद्ध झालेलं नाही. कॉलेजात नीतिशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले. कॉलेज घरापासून चालत जाण्यासारखं होतं, त्यामुळे त्यांची स्वतःची नीती कळायची राहूनच गेली.

त्या दिवशी मात्र त्यांना निघावंच लागलं. त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या आत्याच्या, हृदयाची एक झडप बदलायची होती. इस्पितळ डोंगरापलीकडच्या शहरात, ऑपरेशन दुपारचं. आणि आत्याने आदल्या संध्याकाळी जाहीर केलं की धाकटा समोर दिसल्याशिवाय ती आत जाणार नाही. डॉक्टरांनी समजावलं, भूल देणाऱ्या बाईंनी समजावलं, तिच्या मुलीने रडून पाहिलं. आत्या शाळेत मुख्याध्यापिका होती. तिने सगळ्यांचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "छान. आता धाकटा आला की बघू."

तर मी गाडी चालवत होतो, शेजारी काका, आणि मागे माझी बायको, एका हातात थर्मास आणि दुसऱ्या हातात काकांच्या पोटासाठी रिकाम्या पिशव्या घेऊन तयारीत बसलेली.

काकांना मळमळलं नाही. कारण त्यांचं पोटाकडे लक्षच नव्हतं. समोर अडकवलेल्या फोनवर नकाशा होता, आणि नकाशावर एक निळा बाण सरकत होता.

"हा बाण म्हणजे कोण?"

"आपण."

"आपण म्हणजे ही गाडी?"

"हो."

"आत्ताची?"

"आत्ताचीच, काका. शिळी नाही."

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. वळण आलं. फोनकडे पाहिलं. तिथेही वळण आलं. असं त्यांनी बऱ्याच वळणांना केलं. एखाद-दुसरं वळण तरी चुकेल अशी त्यांना आशा असावी. एकही चुकलं नाही.

"याला कोण सांगतं, आपण कुठे आहोत ते?"

"वर उपग्रह असतात."

"ते आपल्याकडे बघत असतात?"

तसं नसतं, हे मला माहीत होतं. पण नक्की कसं असतं ते माहीत नव्हतं, म्हणून मी हो म्हटलं.

काकांनी मान वाकवून काचेतून वर आकाशाकडे पाहिलं. मग म्हणाले, "कुणीतरी वरून बघतंय म्हणून चांगलं वागायचं, हे नीतीचं बालवाडीतलं कारण आहे, असं मी मुलांना सांगायचो. वर कुणी नाही असं समजून वागून दाखवा, म्हणायचो. आणि आता बघ. खरंच कुणीतरी आहे. आणि त्याला आपल्याकडून फक्त आपण कुठे वळणार एवढंच हवंय."

मी हा फोन रोज वापरतो. त्यावर भाजीची यादी करतो, बिलं भरतो आणि लोकांचे वाढदिवस विसरतो. पण त्या घाटात, काकांच्या शेजारी बसून, मला पहिल्यांदाच त्या बाणाची थोडी भीती वाटली. एवढं मोठं आकाश, आणि त्यात आमची सेकंडहँड गाडी कुणाच्या तरी हिशेबात होती.

फोनमधल्या बाईंशी काकांचं लगेच जमलं. त्या "पुढे उजवीकडे वळा" म्हणाल्या की काका "हो" म्हणायचे. "सरळ जात राहा" म्हणाल्या की "बरं."

"काका, त्यांना ऐकू नाही जात," बायको मागून म्हणाली.

"म्हणून काय झालं. त्या बोलतायत तर."

घाट संपत आला तेव्हा बाईंनी विचारलं, "रस्त्याच्या कडेला बंद पडलेली गाडी. अजून आहे का?" खाली दोन चौकोन आले. मी सवयीने 'आहे'वर बोट टेकवलं आणि पुढे निघालो.

"तू पाहिलीस गाडी?" काका म्हणाले.

"कुठली?"

"जी आहे म्हणालास ती."

"छे. काहीतरी दाबावं लागतं, नाहीतर तो प्रश्न समोरून हलत नाही."

"त्या कुणासाठी विचारत होत्या?"

"मागून येणाऱ्यांसाठी."

"म्हणजे मागून येणाऱ्या सगळ्यांना तू एक गोष्ट सांगितलीस, जी तुला माहीत नाही."

"काका, असेलही तिथे गाडी."

"असेल तर तू खोटं बोलून खरं सांगितलंस. ते जास्त वाईट. त्याची चटक लागते." मग अगदी शांतपणे म्हणाले, "गाडी वळव."

काकांनी आवाज चढवला असता तर मी वाद घातला असता. पण त्यांचा तो वर्गातला आवाज होता, त्यापुढे मला लहानपणापासून फक्त मान हलवता येते. पुढच्या चौकातून मी वळलो.

"अहो, आपण मागे का चाललोय?" बायकोने विचारलं.

"बंद पडलेली गाडी बघायला," मी म्हणालो.

"आणि असली तर?"

"तर असू दे म्हणून परत यायचं."

बायको एका मोठ्या कंपनीत माल रवाना करण्याच्या खात्यात आहे. उशीर या गोष्टीकडे आम्ही गप्पांचा विषय म्हणून बघतो, तिचा त्यावर पगार ठरतो. तिने थर्मासचं झाकण उघडलं आणि परत घट्ट लावलं.

तिथे गाडी नव्हती. मातीत तेलाचा एक डाग होता आणि चाकाखाली लावलेला एक दगड होता. काकांनी चष्मा पुसून दोन्ही बाजूंना पाहिलं, खात्री केली, आणि स्वतःच्या बोटाने 'नाही' दाबलं. फोनवर अक्षरं आली: धन्यवाद. तुमच्यामुळे इतर चालकांना मदत झाली.

काकांनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्याने.

"मला असं कधी कुणी म्हटलं नव्हतं," ते म्हणाले.

आणि मग खरोखरच, नकाशावर त्या जागी रस्ता अडल्याची जी पिवळी रेघ होती ती आमच्यासमोर निळी झाली. काका पुढे वाकले. त्यांचं नाक काचेला टेकायचं बाकी होतं.

"हे नुसतं खरं सांगितल्यामुळे?"

"तसं दिसतंय."

"सत्याचा परिणाम होतो, हे मी इतकी वर्षं शिकवलं," काका म्हणाले. "होताना पाहिला नव्हता."

आम्ही तिघंही गप्प बसलो. देवळात बसतात तसे.

त्या शांततेत आतेबहिणीचा फोन आला. "दादा, आहात कुठे तुम्ही? आई गाऊन घालून बसलीय, पण हलत नाही. डॉक्टर म्हणतायत, अजून थांबवलं तर ते पुढचा पेशंट आत घेतील. मग पुढची तारीख एकदम महिन्याने. आणि तिची झडप महिनाभर टिकेल का, विचारलं तर ते नुसते हात धुतायत." मागून आत्याचा आवाज आला, "त्याला सांग, गाडी हळू आण. धाकट्याला लागते."

मागे जाऊन येण्यात जेवढा वेळ गेला होता, जवळपास तेवढाच आम्हाला कमी पडत होता. हे गाडीत कुणी बोललं नाही. बायको तर इतक्या स्पष्टपणे बोलली नाही की मला शब्द न् शब्द ऐकू आला.

शहराच्या तोंडाशी नदी आहे. पुलाच्या अलीकडे गाड्या एकीला एक चिकटून उभ्या होत्या. मोटारी, बसगाड्या, मध्ये जागा मिळेल तिथे घुसलेल्या दुचाकी. सगळं जागच्या जागी. मी इंजिन बंद केलं, परत चालू केलं. त्याने काही होत नाही, पण काहीतरी केल्यासारखं वाटतं.

"त्याच्यात 'अपघात' म्हणून एक बटण असतं," बायको म्हणाली.

मी आरशातून तिच्याकडे पाहिलं.

"आमचे ड्रायव्हर दाबतात. पुलावर अपघात झालाय म्हणून दाबलं की निम्मे लोक घाबरून बाजूच्या रस्त्याने वळतात. मी फक्त असतं म्हणून सांगतेय."

मी काकांकडे पाहिलं नाही. मला त्यांचं ते प्रसिद्ध व्याख्यान माहीत होतं. खुनी आपलं सावज शोधत दारात उभा राहिला तरी त्याच्याशी खोटं बोलू नये. दर वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं, "सर, आणि घरात आपली बहीण लपलेली असली तर?" वर्ग हसायचा. काका हसायचे नाहीत. "बहिणीने प्रश्न बदलत नाही," म्हणायचे, आणि फळा पुसायला लागायचे.

"कुठे असतं ते?" काकांनी विचारलं.

"काका, मी दाबतो."

"तू दाबलंस तर तू दाबल्यासारखं होईल. ताई माझी आहे."

मी त्यांना चौकोन दाखवला. त्यांचं बोट त्यावर बराच वेळ अधांतरी राहिलं. मग टेकलं. या वेळी फोनने धन्यवाद म्हटलं नाही. त्याला कळलं असावं, असं काकांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

आधी काहीच झालं नाही. मग आमच्या पुढच्या मोटारीने डावा दिवा लावला आणि ती बाजूच्या रस्त्याला लागली. तिच्यामागे एक बस. दुसरी बस. मग दुचाकींचा एक थवाच. कुणी हॉर्न वाजवला नाही, कुणी भांडलं नाही, काच खाली करून कुणी कुणाला काही विचारलंही नाही. सगळी माणसं एकाच वेळी एकच गोष्ट कळल्यासारखी मुकाट वळत गेली, आणि पूल आमच्यासमोर रिकामा होत गेला. आधी कठडे दिसले, मग नदी दिसली, मग पलीकडचा काठ. एवढी माणसं एका बोटाने हलताना मी कधी पाहिली नव्हती. अंगावर काटा आला, आणि तो पूल ओलांडेपर्यंत गेला नाही.

काका आपल्या बोटाकडे बघत होते. ते त्यांनी इतर बोटांपासून जरा लांब धरलं होतं.

"वर्गात माझ्या शब्दावर एक मुलगा वळला नाही," ते म्हणाले. "आज शेकडो वळले. आणि शब्द खोटा."

आत्या ऑपरेशन थिएटरच्या बाहेर चाकाच्या पलंगावर उठून बसली होती. हिरवा गाऊन, डोक्याला टोपी, चष्मा मात्र काढू दिला नव्हता.

"आलास? तोंड असं का? उलटी झाली?"

"नाही. ताई, मी आज खोटं बोललो."

"कुणाशी?"

"रस्त्यावरच्या सगळ्यांशी."

आत्याने थोडा विचार केला. "त्यांचं ते बघतील. माझ्याशी खोटं बोलू नकोस म्हणजे झालं. कालपासून जो येतो तो मला सांगतोय, काही होणार नाही, अगदी साधं ऑपरेशन आहे. डॉक्टर सांगतात, पोरगी सांगते, मघाशी लादी पुसणारी सांगून गेली. तू सांग. मी बाहेर येईन ना?"

काकांनी तिचा हात धरला.

"मला माहीत नाही, ताई."

आत्याने चष्मा काढून त्यांच्या हातात दिला. "चला," ती डॉक्टरांना म्हणाली. "एवढंच कुणाकडून तरी नीट ऐकायचं होतं. आता भीती नाही वाटत." पलंग आत गेला. दार मिटलं तरी काका तसेच उभे राहिले, चष्मा दोन्ही हातांत धरून. त्यांनी तिला जे सांगितलं होतं त्यात धीर देण्यासारखं काही नव्हतं. आणि ती धीट होऊन गेली होती. ते कसं झालं, हे मला अजून सांगता येणार नाही.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. झडप बसली होती, आत्याने डोळे उघडून भूल देणाऱ्या बाईंना सरळ उभं राहायला सांगितलं होतं. आतेबहीण रडली, माझी बायको रडली, आणि तेवढ्यात आतेबहिणीचा नवरा कामावरून थेट सगळ्यांसाठी कॉफी घेऊन आला. काकांनी कॉफी घेतली नाही. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"आता तो फोन काढ. ते अपघाताचं परत घ्यायचंय. आपलं काम झालं म्हणून खोटं तसंच ठेवता येत नाही. कुणी लांबच्या रस्त्याने जाऊन उशिरा पोचलं असेल. त्यांच्याही कुणाच्या बहिणी असतील."

मी फोन काढला. पडद्यावर एक ओळ होती: नेटवर्क नसल्यामुळे तुमची नोंद पाठवता आली नाही.

काकांनी ती वाचली. "पाठवता आली नाही, म्हणजे?"

"म्हणजे गेलीच नाही, काका. पुलावर अपघात झालाय हे आपण तिघं सोडून कुणालाच कळलं नाही."

"मी तर दाबलं होतं."

"दाबलं होतं."

"मग खोटं बोललो की नाही मी?"

"बोललात. कुणाला ऐकू गेलं नाही."

काका बाकावर बसले. बराच वेळ त्यांनी आपलं बोट बघितलं.

"मग ती सगळी माणसं वळली कशाला?"

"पुलाच्या अलीकडे, डावीकडे ना?" आतेबहिणीचा नवरा कॉफीवर फुंकर मारत म्हणाला. "तो टायरच्या कारखान्याचा रस्ता. दुपारी तिथे कामगारांची दुसरी पाळी सुरू होते."