लाल शाईतलं वाक्य

मल्लाप्पानं बोर्डावरचं पान ओरबाडून काढलं, त्याचा बोळा केला आणि बायकोचा, शिवलीलाचा, जबडा दाबून तो तिच्या तोंडात कोंबला.

"खा! खा तुझं इंग्लिश!"

वर्गात तिच्याखेरीज दहा बायका होत्या आणि दहाही जणी जागच्या जागी थिजल्या. शिवलीलानं बोळा थुंकायचा प्रयत्न केला, तसं त्यानं तिचं डोकं बाकावर आपटलं. एकदा, आणि मग पुन्हा. कपाळ फुटलं. मग त्यानं तिचा लिहिता हात मनगटाशी धरून बाकाच्या कडेवर दाबला आणि दुसऱ्या हातानं लोखंडी खुर्ची उचलून त्यावर घातली. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला.

शिकवणारी संयोगिता फळ्यापाशी मार्कर धरून उभी होती. "अहो... स्वल्प, जरा थांबा..." एवढंच तिच्या तोंडून निघालं, तेही कुणाला ऐकू न जाणारं.

उठल्या त्या कस्तुराबाई. पन्नाशीच्या, एका ऑफिसात स्वयंपाक करणाऱ्या. त्यांनी आपला चार कप्प्यांचा स्टीलचा डबा दोन्ही हातांनी धरून मल्लाप्पाच्या कानशिलावर हाणला. तो गुडघ्यावर आला, तसा दुसरा हाणला. डबा उघडून सांबार त्याच्या शर्टावर सांडलं. मग बाकीच्यांच्या अंगात बळ आलं. चौघी त्याच्यावर बसल्या, ओढणीनं हात बांधले, आणि कुणीतरी पोलिसांना फोन लावला.

हे सगळं झालं इंदिरानगरातल्या एका समाजमंदिराच्या वरच्या हॉलमध्ये, दुपारी सव्वाचारला. संयोगिता जे. पी. नगरहून आठवड्यातून तीनदा इथे येई, ऑफिसांत साफसफाई, स्वयंपाक करणाऱ्या बायकांना इंग्रजी शिकवायला. शाळेतून निवृत्त झालेली, घराणं मराठी, पण तीनशे वर्षांपासून ह्या कानडी शहरातलंच, घरात निम्मं मराठी आणि निम्मं कन्नड. सगळ्या तिला अक्का म्हणत आणि तिला ते फार आवडे. ती काही वाईट बाई नव्हती. तिला फक्त आपल्या पद्धतीचा भारी अभिमान होता.

पद्धत अशी, की एका तासाला एकच क्रियापद. ते रोज कुठेकुठे वापरतात ते ती सांगणार आणि मग प्रत्येकीनं वर्गातच पाच वाक्यं लिहायची, स्वतःच्या घरातली आणि खरी. पुस्तकातली पोपटपंची नको, असं ती बजावायची. वह्या घरी न्यायच्या नाहीत, कारण घरी त्यांचा चुरगळा होतो. त्या तिच्या कपाटात, कुलपात. प्रत्येक पानाखाली लाल शाईनं तारीख आणि सही. आणि ज्या पानात सर्वांत छान सुधारणा दिसेल ते हॉलच्या दाराशी बोर्डावर.

गेल्या सोमवारचं क्रियापद होतं 'ब्रेक'. संयोगिता अगदी रंगात आली होती. बशी ब्रेक होते, वचन ब्रेक होतं, पहाटसुद्धा ब्रेक होते, असं सांगत तिनं बायकांना हसवलं होतं. शिवलीला तेवढी खाली मान घालून लिहीत होती. ती मूळची निपाणीकडची, आता के. आर. पुरममध्ये राहणारी, वर्गात सर्वांत हुशार. तिच्या पानावरचं तिसरं वाक्य होतं, 'ऑन ट्यूसडे मल्लाप्पा ब्रेक्ड माय फिंगर.' संयोगितानं 'ब्रेक्ड' लाल शाईनं खोडलं आणि वर नीट अक्षरात 'ब्रोक' लिहिलं. खाली 'व्हेरी गुड'. आणि पान बोर्डावर.

बुधवारी पाण्याचे कॅन पोचवणारा माणूस वर आला. तो मल्लाप्पाच्याच गल्लीतला. त्यानं पान वाचलं, मोठ्यानं हसला, आणि गल्लीत जाऊन सगळ्यांना सांगितलं. आज शुक्रवार.

सब-इन्स्पेक्टर चंदना दोन शिपायांना घेऊन आली तेव्हा मल्लाप्पा रडत होता. साहेब, पहिल्यांदाच हात उठला, असं तो कन्नडमध्ये पुन्हापुन्हा सांगत होता. बायकोनं चारचौघांत बदनामी केली, डोकं फिरलं, पुन्हा होणार नाही, देवाशपथ.

चंदनानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती संयोगिताकडे वळली. "असं पहिल्यांदाच झालं का, ते मला लिहावं लागेल. उद्या ह्याचा वकील हेच म्हणणार. हे आधीपासून चालू आहे, तुम्हाला ठाऊक होतं का, मॅडम?"

"मला?" संयोगिता म्हणाली. "छे. मला काय कल्पना."

शिवलीला भिंतीला टेकून बसली होती. कपाळाला कस्तुराबाईंचा पदर दाबलेला, उजवा हात मांडीवर, वाकडा. बोळ्याचे तुकडे अजून ओठांना चिकटले होते. चंदना तिच्यासमोर उकिडवी बसली.

"आधी कुणाला सांगितलं होतंस?"

शिवलीलानं संयोगिताकडे पाहिलं. मग नजर खाली घेतली.

"न्हाई," ती म्हणाली. "कुणाला न्हाई."

संयोगिताला लाज वाटली. साधीसुधी नव्हे, अंगावरचे कपडे नकोसे व्हावेत अशी लाज. ती काही न बोलता कपाटाकडे गेली. कुलूप काढून तिनं शिवलीलाची वही बाहेर काढली.

वहीत एकोणीस पानं भरली होती. 'थ्रो'च्या पानावर मल्लाप्पानं तवा फेकला होता. 'पुल'च्या पानावर केस ओढले होते. 'लॉक'च्या पानावर शिवलीला रविवारभर न्हाणीघरात कोंडलेली होती. प्रत्येक पानावर तिची स्वतःची लाल शाई. इथे 'द' राहिला, तिथे स्पेलिंग चुकलं. 'लॉक'च्या पानाखाली तिनं लिहिलं होतं, 'गुड, अक्षर सुधारतंय.' तिनं हे वाचलं नव्हतं असं नाही. वाचलं होतं. क्षणभर पेन थांबलंही होतं. मग, ह्यांच्या घरांत असायचंच, असं म्हणून ती पुढच्या वाक्याकडे वळली होती. तो विचार तिला आता लख्ख आठवला.

कपाट बंद करून घरी जाता आलं असतं. बोर्डावरचं पान तर फाटलंच होतं आणि वह्या कुणी मागितल्या नव्हत्या.

खाली अ‍ॅम्ब्युलन्स आली होती. दोघी जणी शिवलीलाला धरून जिन्यापर्यंत आल्या. संयोगिता वही छातीशी धरून आडवी आली.

"तू कुणाला सांगितलं नाहीस, असं का म्हणालीस गं?"

शिवलीला थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"तुमीच न्हाई म्हनालासा की, अक्का. मग मी कसं व्हय म्हनू?" तिनं ओठावरचा कागदाचा कपटा डाव्या हातानं काढला. "दर बारीला लिव्हत हुते. तुमी सही करत हुता. त्या दिशी पान बोर्डावर लावलासा, तवा मला वाटलं, आता कुनीतरी येतंय."

ती एकेक पायरी उतरत खाली गेली. संयोगिता कठड्याला धरून उभी राहिली. मग वळली आणि वर्गात येऊन चंदनाच्या पुढ्यात, सांबार सांडलेल्या बाकावरची एक कोरडी जागा पाहून, तिथे वही उघडून ठेवली.

चंदनानं पानं उलटली. तिला इंग्रजी येत होतं. चौथ्या पानानंतर तिनं उलटणं थांबवलं.

"ही लाल सही कुणाची?"

"माझी."

"ही तारीख?"

"मीच घातलेली. त्याच दिवशीची."

मल्लाप्पाचं रडणं बंद झालं होतं. तो मान वर करून वहीकडे बघत होता.

"म्हणजे तुम्ही हे सगळं वाचलं होतं," चंदना म्हणाली. "मग मघाशी नाही असं का म्हणालात?"

बाकीच्या सगळ्या जणी संयोगिताकडे बघत होत्या. कस्तुराबाई चेमटलेल्या डब्याचं झाकण बसवत होत्या, त्यांचाही हात थांबला. संयोगितानं वहीचं पहिलं पान उघडून चंदनाकडे सरकवलं.

"ते पण लिहा," ती म्हणाली. "पहिल्यांदा तिनं मला सांगितलं. जूनच्या चौदा तारखेला."

चंदनानं पेन उघडलं.

"आणि तुम्ही काय केलं?"

"दुरुस्त केलं," संयोगिता म्हणाली.