अदलाबदलीचं वर्ष

पदवी एक, पण विद्यापीठं दोन आणि देशही दोन. पहिलं वर्ष आपापल्या देशात, दुसरं एकमेकांच्या देशात, आणि शेवटी दोघांनी मिळून एकच प्रबंध लिहायचा. समाजशास्त्राच्या त्या संयुक्त अभ्यासक्रमात अशा दोघांना ‘जोडीदार’ म्हणत. हे कानावर पडताच शंकूच्या आत्याने आधी मुलाची उंची विचारली. उंची सहा फुटांच्या वर निघाली. पुढे लग्नाबिग्नाचं काही निघालं नाही, पण घरात त्या मुलाचं नाव लंबू पडलं ते पडलंच. शंकूचं स्वतःचं नावही असंच. लहानपणी उठताबसता शंका काढायची म्हणून बाबांनी ठेवलेलं. शंका काढण्याचीसुद्धा पदवी मिळते, हे बिचाऱ्यांना फार उशिरा कळलं.

राहण्याची सोयही अदलाबदलीनेच झाली. लंबूच्या घरी त्याची आई एकटी आणि शंकूच्या घरी तिचे बाबा एकटे, मग वेगळ्या खोल्या शोधायच्या कशाला? ती त्याच्या खोलीत गेली, तो तिच्या खोलीत आला. दोघांची विमानं वाटेत कुठेतरी एकमेकांना ओलांडून गेली असणार, कारण प्रत्यक्ष भेट काही झाली नाही. तो कुठल्या कुशीवर झोपतो हे शंकूला गादीतल्या खळग्यावरून कळलं. बाकीचा लंबू फक्त फोनच्या पडद्यावर.

त्याच्या आईला ती काकू म्हणायची. काकू चष्म्याच्या दुकानात काम करत, काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं. दुकान विद्यापीठाच्या मागच्याच रस्त्यावर होतं. संध्याकाळी घरी आल्या की त्या स्वयंपाकघरात दिवा न लावता नुसत्या बसून राहत. पहिल्याच आठवड्यात शंकूने भाबडेपणाने दिवा लावला, तर त्यांनी डोळ्यांवर हात घेतला आणि उठून आत निघून गेल्या. आपलं तोंडही बघायचं नाही यांना, असं शंकूने ठरवून टाकलं. दिवसभर काचेच्या कडा निरखून डोळे शिणतात आणि उजेड सोसत नाही, हे कळेपर्यंत बरेच महिने गेले, आणि तोवर घरात दोन बायका दोन खोल्यांत जेवायला लागल्या होत्या.

बोलणं व्हायचं ते एकाच विषयावर.

“काय म्हणतो तो?”

“बरा आहे, काकू.”

“जेवतो ना वेळेवर?”

“हो.”

“बरं.”

संपलं. मग फोनवर लंबू विचारणार, “आई बरी आहे ना?”

“तूच विचार की तिला. माझं काय टपाल खातं आहे?”

“नको. निघताना म्हणाली, जा, तुझ्यावाचून माझं काही अडत नाही. नाही ना अडत? मग राहू दे.”

सहा फुटांचं पोर आणि रुसवा पाच वर्षांच्या मुलाचा. शंकूने दोन्हीकडचे निरोप इमानेइतबारे पोचवले, पण हळूहळू तिच्या लक्षात यायला लागलं की या सगळ्यात तिला स्वतःला कुणीच काही विचारत नाही.

बाबांना फोन केला तर तेही तसेच. बाबांचं सगळं आयुष्य पाणीपुरवठ्याच्या पंपावर एकट्याने पाळ्या करण्यात गेलेलं, बोलायची सवयच नाही.

“थंडी आहे का?”

“आहे.”

“स्वेटर घालत जा. लंबूला देऊ?”

लंबूला देऊ! आपल्याच बापाला फोन करायचा आणि दोन वाक्यांत लंबूच्या ताब्यात जायचं. लंबू मात्र उत्साहाने सांगणार, आज बाबांनी स्कूटर शिकवली, आज आम्ही दोघांनी मिळून कार्ब्युरेटर उघडला. त्या स्कूटरला शंकूने हात लावला तरी “पडशील” म्हणून ओरडणारे बाबा, त्यांचं मागून हसणं ऐकू यायचं. बाबा मोठ्याने हसतात हेच मुळी तिला नवीन होतं. तिच्या पोटात दुखायचं आणि ते कबूल करायचीही लाज वाटायची. एकदा फोन ठेवल्यावर रडू आलं, तेव्हा रडायलासुद्धा ही खोली आपली नाही असं वाटून ती तोंड धुऊन ग्रंथालयात जाऊन बसली.

त्यात प्रबंधाचा विषय असा की हसावं की रडावं. घरातलं माणूस परदेशी गेलं की मागे राहिलेल्यांचे दिवस कसे जातात, हा. लंबूने तिच्या देशात घरं गाठायची, तिने त्याच्या. अनोळखी बैठकीच्या खोल्यांत बसून शंकूने किती आयांना विचारलं असेल, मुलाची खोली आवरता का, ताटं किती मांडता, फोनची वाट कधी बघता. आया भरभरून बोलत, काही रडत. मग ती घरी यायची आणि काकूंच्या अंगावरून मान खाली घालून आपल्या खोलीत जायची. ओळखीच्या घरातली माणसं पाहणीत घ्यायची नाहीत असा नियमच होता, त्यामुळे मनाला काही टोचलं नाही.

शेवटची तोंडी परीक्षा दोन्ही देशांत एकाच वेळी होणार होती. इकडे एक दालन, तिकडे एक दालन, मध्ये मोठा पडदा. गुण दोघांना एकच. एक घसरला की दुसऱ्याचीही पदवी लटकणार.

“तुझे बाबा येणार आहेत,” आदल्या दिवशी लंबू म्हणाला. “नवीन शर्ट शिवलाय. आत्यापण येतेय.” मग जरा थांबून, “तुझ्याकडून कुणी येणार आहे का?”

“माझं कोण आहे इथे?” शंकू ताडकन म्हणाली आणि तिने फोन कापला.

सकाळी तिला इस्त्रीचे कपडे घातलेले पाहून काकू पिशवी घेऊन दारातच थांबल्या.

“आज काही आहे का?”

“परीक्षा आहे.”

“बरं. नीट दे.” तरी त्या क्षणभर उभ्याच राहिल्या, मग गेल्या.

दालनात लांब टेबल होतं. एका बाजूला तिचे मार्गदर्शक सर आणि बाहेरून आलेल्या परीक्षक बाई, दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्यापुढे एकटी शंकू. तिच्या पाठीमागे भिंतीला लागून पाहुण्यांच्या खुर्च्या, सगळ्या रिकाम्या. पडदा उजळला आणि तिकडचं दालन दिसलं. कोट घातलेला लंबू, आणि त्याच्या मागे बाबा आणि आत्या, लग्नाला आल्यासारखे नटूनथटून. बाबांच्या शर्टाची कॉलर ताठ उभी होती. माझी दोन माणसं, आणि तीही त्याच्या मागे बसलीत, असं तिच्या मनात आलं, आणि प्रास्ताविक कसंबसं पार पडलं.

परीक्षक बाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, “तुमच्या पाहणीतून कोण सुटलं?”

हा प्रश्न ठरलेला असतो आणि त्याचं उत्तर पाठ असतं. शंकूने सुरुवात केली, “ज्यांच्याकडे फोन नाही अशी कुटुंबं…” आणि तिचं लक्ष लंबूकडे गेलं. तो तिच्याकडे बघतच नव्हता. तिच्या खांद्यावरून मागे बघत होता, एका रिकाम्या खुर्चीवरून दुसरीवर, मग दाराकडे, मग परत खुर्च्यांवर.

आत्ता तिला कळलं. तुझ्याकडून कुणी येणार आहे का, असं त्याने विचारलं ते तिच्यासाठी नव्हतंच. आईला घेऊन ये, एवढे तीन शब्द त्या रुसक्याच्या तोंडून निघाले नव्हते. आणि आपण सकाळी त्या बाईला दारात उभं ठेवून म्हणालो, परीक्षा आहे. कुणाची, कुठे, पडद्यावर कोण दिसणार, एका शब्दाने सांगितलं नाही.

“मी वर्षभर ज्यांच्या घरी राहिले, त्या सुटल्या,” शंकू म्हणाली.

“त्या नियमानेच सुटल्या,” सर घाईने म्हणाले.

“नियमाने सुटल्या, सर. पण मी त्यांना साधं कशा आहात हेही कधी विचारलं नाही.” ती परीक्षक बाईंकडे वळली. “मॅडम, त्या मागच्याच रस्त्यावर असतात. माझ्या जोडीदाराची आई आहेत त्या. मी त्यांना घेऊन येऊ का?”

सरांनी कपाळाला हात लावला. बाईंनी पडद्यावरच्या लंबूकडे पाहिलं, तो खाली मान घालून बसला होता. “आमचा चहा पिऊन होईपर्यंत या,” त्या म्हणाल्या. “उशीर झाला तर गुण जातील, दोघांचेही.”

शंकू पळत सुटली. दुकानाच्या मागच्या बाजूला काकू एप्रन बांधून काच घासायच्या यंत्रावर वाकल्या होत्या.

“काकू, चला. तुमचा मुलगा पडद्यावर दिसतोय.”

“त्याने बोलावलंय?”

हो म्हणणं सोपं होतं. “तोंडाने नाही बोलावलं,” शंकू धापा टाकत म्हणाली. “पण मघापासून माझ्यामागच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघतोय.”

काकूंनी यंत्र बंद केलं, एप्रन सोडला आणि मालकाला न विचारताच बाहेर पडल्या. रस्त्यात एवढंच म्हणाल्या, “आधी का नाही सांगितलंस?”

“माझ्या लक्षातच आलं नाही, काकू.” हे खरं होतं, आणि म्हणूनच म्हणताना वाईट वाटलं. काकूंनी चाल वाढवली.

त्या मागच्या खुर्चीवर बसल्या. कॅमेऱ्यात मात्र शंकूच्या डोक्याआडून त्यांचा जेमतेम एक कान दिसत होता, आणि तिकडे लंबू मान उंचावून उंचावून बघत होता. शंकूने आपली खुर्ची ओढली, टेबलाच्या पार टोकाला नेली. आता तिकडच्या पडद्यावर फक्त काकू.

काकू खुर्चीतच पुढे झुकल्या.

“केस केवढे वाढलेत,” काकू म्हणाल्या.

लंबूने तोंड फिरवलं आणि कोटाच्या बाहीने डोळे पुसले.

“प्रश्न तोच आहे,” परीक्षक बाई हळूच म्हणाल्या. शंकू टेबलाच्या टोकावरून बोलायला लागली. तिकडच्यांना आता तिचा नुसता आवाज ऐकू जात होता. बोलता बोलता तिने पडद्याकडे पाहिलं. लंबू आईकडे बघत होता, आणि त्याच्या मागे बाबा नव्या शर्टासकट खुर्चीतून एका बाजूला कलले होते. आत्या त्यांची बाही ओढून नीट बसवत होती, ते पुन्हा कलत होते, पडद्याच्या कडेपाशी मान नेऊन, आणखी थोडं वाकलं की पलीकडची शंकू दिसेल अशा समजुतीने.