कुलपातला खटका

बसगाड्यांतून तिकिटं तपासण्यात हयात घालवलेल्या चेकरसाहेबांचा एक सिद्धांत होता. विचारायच्या आधीच जो तिकीट पुढे करतो, त्याचंच तिकीट उलटसुलट करून बघावं. नोकरी संपली, बिल्ला जमा केला, पण सिद्धांत त्यांच्यासोबत घरी राहायला आला. शेजाऱ्याने हसून 'बरं आहे ना?' विचारलं, की याचं आपल्याकडे काय काम असावं, याचा ते दिवसभर विचार करत. अशा माणसाच्या घरात वरचेवर लाइट जायला लागली, आणि तीही फक्त त्यांच्याच घरातली, म्हटल्यावर पुढचं सांगायलाच नको. घरात माणसं तीन. मुलगा दिवसभर कामावर. उरली सून. लाइट जायची तीही नेमकी सुनेला सुट्टी असली की.

शिवाय तिला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. हॉलमधल्या विजेच्या पेटीचं पारदर्शक झाकण उघडून तिने एका बारीक बटणावर बोट दाबलं, खटका टक् करून खाली पडला आणि पंखा थांबला. मग तिने खटका वर केला, झाकण लावलं आणि काही झालंच नाही अशा थाटात भाजी चिरायला बसली. चेकरसाहेब आतल्या खोलीच्या दाराआडून बघत होते. तिथल्या तिथे विचारलं असतं तर विषय मिटला असता. पण आपण पाहिलंय हे समोरच्याला कळू द्यायचं नाही, हा त्यांचा दुसरा सिद्धांत होता.

ती हे का करते, याचाही त्यांनी छडा लावला होता. नवराबायको दुसरी जागा बघत होती, सुनेच्या कारखान्याजवळ. स्वयंपाकघरात दोघांची कुजबुज चालायची आणि चेकरसाहेब पाणी प्यायला आत गेले की थांबायची. हे घर राहायच्या लायकीचं नाही, असं मुलाच्या डोक्यात भरवायचं, त्यासाठी हा लाइटचा खेळ. मग दोघं सामान उचलून जाणार आणि आपण भिंतींशी बोलत बसणार. हा विचार आला की संशय आणखी घट्ट व्हायचा.

"बाबा, वॉशिंग मशीनला ओला हात लागला की झटका बसतो आणि तेवढ्यात लाइट जाते," सून एकदा म्हणाली. "कुणाला तरी बोलावून दाखवायला हवं."

"हवा दमट आहे. होतं असं," ते म्हणाले. मनात म्हणाले, घ्या! न मागता तिकीट पुढे आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटीला छोटंसं कुलूप ठोकलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. मुलगा हसला. सून काहीच बोलली नाही, आणि तिचं न बोलणंही त्यांनी हिशेबात धरलं.

तिच्या पुढच्या सुट्टीला चेकरसाहेब पेटीसमोर खुर्ची टाकून बसले. हातात पेपर होता, पण नजर खटक्यावरच. घराच्या मागच्या बाजूने वॉशिंग मशीनमध्ये पाणी भरत असल्याचा आवाज येत होता. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत, बंद झाकणाआड, कुलूप शाबूत असताना, खटका टक् करून खाली पडला. त्याच क्षणी मागून सुनेचा "आई गं!" असा आवाज आला. आवाज जरा जास्तच खरा वाटत होता, असं त्यांचं मत पडलं.

दुसरा कोणी असता तर इथेच चूक कबूल करून मोकळा झाला असता. पण चेकरसाहेबांच्या मनात वेगळीच पाल चुकचुकली. खटकाच हिला सामील आहे! त्यांनी तो वर केला, पेटीला पुन्हा कुलूप घातलं आणि कोपऱ्यावरच्या वायरमनला घेऊन आले.

"हा खटका काढून टाका," कुलूप उघडून ते म्हणाले. "लाइन डायरेक्ट करा. रोजची कटकटच नको."

"आत्ता करून देतो," वायरमन म्हणाला. "बरेच जण करून घेतात." बोलता बोलता त्याने स्क्रू-ड्रायव्हर काढलाही.

चेकरसाहेबांचे कान टवकारले. इतक्या लगेच हो म्हणणारा माणूस त्यांना आयुष्यात कधी सरळ वाटला नव्हता.

"थांबा. हा काढला की लाइट कोण घालवणार?"

"कोणी नाही. जाणारच नाही."

"मग मुळात बसवला कशाला?"

वायरमन वैतागला. "अहो, कुणाला झटका बसला तर वीज तोडायला! माणूस तिथल्या तिथे चिकटून राहू नये म्हणून. पण तुम्हालाच नकोय ना तो?"

चेकरसाहेबांना मघाचं "आई गं" आठवलं. टक् आणि "आई गं", दोन्ही एकदमच झाली होती. म्हणजे खटका पडला तेव्हा तिचा हात मशीनवर होता. खटका पडला म्हणूनच ती अजून चालतीबोलती होती. आणि तोच काढायला आपण माणूस घेऊन आलोय! मागे बादलीचा आवाज झाला, तसे ते धावत सुटले.

"हात लावू नकोस! मशीनला हात लावू नकोस!"

सून ओले कपडे घेऊन जागच्या जागी थिजली. वायरमनने मेन स्विच बंद केला, मशीन पुढे ओढलं आणि प्लग उपसून त्यांच्यासमोर धरला.

"दोनच पिना! अर्थिंगची तिसरी पिन कुठाय? आत कुठेतरी वायर खराब झालीय, वीज मशीनच्या पत्र्यात उतरतेय. तिला जमिनीत जायला वाट नाही, म्हणून ताईंच्या अंगातून जाते. कुणी बसवला हा?"

चेकरसाहेबांच्या डोळ्यांपुढे तो दिवस उभा राहिला. मशीन घराच्या मागच्या बाजूला हलवलं तेव्हा मूळचा प्लग तिथल्या जुन्या सॉकेटमध्ये बसेना. त्यांनी तो कापून दोन पिनांचा लावला होता. "तिसरी पिन फुकटी असते, बिनतिकीट प्रवास करणारी," असा विनोदही केला होता. तेव्हा शेजारी बॅटरी धरून सूनच उभी होती.

"जुनाच असेल," ती पटकन म्हणाली. "घर घेतलं तेव्हापासूनचा."

खोटं होतं ते. खोटं ओळखण्यात जन्म गेलेल्या माणसाला ते ओळखायला क्षणही लागला नाही. ते कुणासाठी बोललं गेलं, हेही कळलं, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी," ते म्हणाले. "मी बसवला."

वायरमन नवा प्लग आणि सॉकेट आणायला गेला. चेकरसाहेब हॉलमध्ये आले. पेटीला लोंबणारं कुलूप त्यांनी काढलं आणि मागोमाग आलेल्या सुनेच्या हातात ठेवलं.

"त्या दिवशी तू इथे काय दाबत होतीस?"

"कधी? हां, ते! टेस्टचं बटण," ती म्हणाली. "महिन्यातून एकदा दाबून बघायचं, खटका पडतो की नाही ते. कारखान्यात सगळ्यांना शिकवलंय. मला वाटलं, तुम्ही झोपलाय. तुम्ही बघत होता?"

त्यांनी खिशातली किल्लीही काढून तिच्या हातात ठेवली. मग बराच वेळ पोटात धरलेलं एकदाचं विचारून टाकलं.

"जागा मिळाली का तुम्हाला?"

"दोन-तीन बघितल्या. सगळ्या वरच्या मजल्यावर," सून कुलूप हातात फिरवत म्हणाली. "तळमजल्याची मिळेना. तुमच्या गुडघ्यांना जिना कसा झेपणार, म्हणून अडलंय."