भांडणाची चाल

माझी आई आमच्या भागातल्या सार्वजनिक सभागृहाची देखभाल करायची. कुलपं, दिवे, खुर्च्या, फरशी, गळका नळ, सगळं तिच्याकडे. गाण्याशी तिचा संबंध एवढाच, की गाणारे घरी गेले की ती झाडू हातात घ्यायची. मला लहानपणी तिने कधी गाऊन झोपवलं नाही. विचारलं की म्हणायची, "झोपत आली असतीस ती टक्क जागी झाली असतीस."

सभागृह सोमवारी संध्याकाळी जुन्यांच्या गाण्यासाठी आणि मंगळवारी नव्यांच्या डफांसाठी. नवे म्हणजे काही कालपरवा आलेले नव्हेत. सूतगिरणीच्या कामाला ते आले त्याला तीस वर्षं झाली होती, त्यांची नातवंडं इथेच जन्मली होती, तरी ते नवेच. आम्ही जुन्यांपैकी. उघड वैर नव्हतं. एकाच बसथांब्यावर उभं राहायचं आणि दोन दिशांना बघायचं, इतकंच.

मग एका सकाळी सभागृहाच्या दारावर कुणीतरी रंगवून ठेवलं, 'आपले डफ आपल्या घरी बडवा.' पुढच्या सोमवारी जुन्यांच्या खुर्च्यांवर काळं तेल ओतलेलं निघालं. आईने दार घासलं, खुर्च्याही पुसल्या. पण तक्रारी दोन्हीकडून गेल्याच होत्या. नगरपालिकेचं पत्र आलं, दोन महिन्यांत हे थांबलं नाही तर सभागृह बंद, तिथे जुनी दप्तरं ठेवू.

आईने पत्र दोनदा वाचलं आणि भाजी चिरता चिरता मला म्हणाली, "एक सांगू? सोमवारी ते शेवटी जे वाजवतात ना, तेच मंगळवारी हे वाजवतात. शब्द निराळे, चाल तीच."

"तुला काय कळतं गं चालीतलं?"

"गाता येत नाही म्हणून ऐकूही येत नाही का?"

जुन्यांचे पुढारी टपालकाका. आयुष्यभर पत्रं वाटलेली, आता निवृत्त, छातीवर अकॉर्डियन बांधलं की वीस वर्षांनी तरुण दिसायचे. आईने त्यांना गाठून हे सांगितलं. ते म्हणाले, "अशक्य. ती चाल माझ्या वडिलांची."

"मग मंगळवारी येऊन बसा आणि मला खोटं पाडा."

ते आले. टोपी मांडीवर ठेवून दाराजवळच्या खुर्चीवर बसले. नव्यांकडे डफावर सुईणबाई होत्या. निम्मी वस्ती त्यांच्याच हातून जन्माला आलेली, त्यामुळे त्यांच्यापुढे कुणी ब्र काढत नसे. त्यांचं ते शेवटचं गाणं सुरू झालं आणि टपालकाका अर्ध्यातच उठले.

"ही आमची चाल आहे. तुम्ही उचललीत."

डफ थांबला. सुईणबाई शांतपणे म्हणाल्या, "माझी आजी मागावर बसून हेच म्हणायची. तुमचे वडील आमच्या मूळ गावाकडे पत्रं वाटायला तर येत नव्हते ना?"

वडीलही टपालातच होते. काकांचा चेहरा पडला, पण ते मागे हटले नाहीत. तासभर जुंपली. मी दारात उभी. आई मात्र चहाचे कप विसळून आली आणि म्हणाली, "सात वाजले, मला बंद करायचंय. पुढच्या मंगळवारी दोघांनी पुरावा आणा."

काकांनी पुरावा म्हणून त्यांच्या ऐंशी वर्षांच्या आत्याला आणलं. सुईणबाईंनी त्यांच्या मामांना, जे ऐकायला कमी पण गायला खणखणीत. आत्या गायली, नदीपलीकडच्या नावेची वाट बघणाऱ्या बाईचं गाणं. मामा गायले, सूत तुटलं म्हणून मागाशी बोलणाऱ्या विणकराचं. आत्याने मध्येच थांबवून विचारलं, "तुटलं म्हणजे काय करायचा तो?" मामांना ऐकू गेलं नाही. सुईणबाईंनी गाठ कशी मारतात ते बोटांनी करून दाखवलं. मग मामांनी विचारलं, नाव शेवटी आली का. आत्या म्हणाली, "गाण्यात नाही आली. माझ्या आईची आली होती."

तिसऱ्या मंगळवारी पुरावा द्यायला सोळाजण आले. जो तो आपापल्या म्हाताऱ्यांना घेऊन. कडाक्याचं भांडण व्हायचं, पण भांडायला एकमेकांकडे तोंड करावं लागतं, आणि तीस वर्षांत ते पहिल्यांदाच होत होतं. सगळेच आले नाहीत. आमच्या शेजारच्या पाववाल्याने आईशी बोलणं सोडलं, ते कायमचंच. आईला त्याचं लागलं, पण मंगळवार तिने चुकवला नाही.

चाल कुणाची हे काही ठरलं नाही. एकत्र वाजवून बघू, असं सुईणबाईंनी सुचवलं. तिथे नवाच पेच पडला. जुने शेवट संथ करायचे, नवे दुप्पट लयीत. काका म्हणाले, "नावेची वाट बघणारी बाई धावत कशी सुटेल?" सुईणबाई म्हणाल्या, "नाव दिसली तर सुटेल." काकांनी अकॉर्डियनचा भाता ओढला आणि आधी संथ, मग धावता, असे दोन्ही शेवट लागोपाठ वाजवले. त्या दिवशी पहिल्यांदा टाळ्या पडल्या.

दोन महिने भरले आणि नगरपालिकेचे साहेब वही घेऊन तपासणीला आले. आत चाळीसेक माणसं, अकॉर्डियन, चार डफ, आणि आवाज गगनाला भिडलेला. साहेबांनी गाणं संपेपर्यंत उभ्यानेच ऐकलं. मग विचारलं, "हा गट कुठला, जुन्यांचा की नव्यांचा?"

टपालकाका म्हणाले, "एकच आहे साहेब. आमचं भांडण अजून चालू आहे."

"कशावरून?"

"ते सांगायला वेळ लागेल. बसा," सुईणबाई म्हणाल्या आणि खुर्ची पुढे सरकवली.

साहेब बसले. दप्तरं कुठे गेली मला माहीत नाही, आमच्याकडे आली नाहीत.

पुढच्या वर्षी या गटाला मोठ्या नाट्यगृहात बोलावणं आलं. कार्यक्रम संपल्यावर काकांनी आणि सुईणबाईंनी आईला दोन्ही हातांना धरून मंचावर ओढलं. ती कामाच्याच साडीत आली होती. "दोघांची चाल एकच आहे हे आधी हिला ऐकू आलं," काकांनी माईकवर सांगितलं. सूत्रसंचालकाने विचारलं, "आपण काय वाजवता?"

"मी काही वाजवत नाही," आई माईकपासून मान लांब ठेवत म्हणाली. "मी ऐकते."

सगळं नाट्यगृह उभं राहिलं. माझ्या शेजारच्या अनोळखी बाईने विचारलं, कोण हो या? मी पाठ ताठ करून सांगितलं, "माझी आई."