तीन बागा, एक कुत्रा

आई बांधकाम खात्यात इंजिनीअर होती. अजूनही होती म्हणा, पण टेबल आता तळघरात, जुन्या नकाशांच्या गठ्ठ्यांत. न झालेली बाग झाली म्हणून मंजुरी द्यायला ती नाही म्हणाली आणि साखरतोंडे साहेबांनी तिची रवानगी तिकडे केली. साखरतोंडे हे ऑफिसने पाडलेलं नाव. बोलणं असं गोड, की ऐकणाऱ्याला मुंग्या लागाव्यात. "तुम्हाला जरा विश्रांती हवी, ताई," असं म्हणून त्यांनी तिला खाली ढकललं होतं.

"जाऊ दे गं," आई म्हणायची.

पण तिची लेक टिटवी जाऊ देणाऱ्यांतली नव्हती. कधी गप्प बसत नाही म्हणून घरात तिला टिटवी म्हणायचे. साहेबांचं नाक कापल्याशिवाय तिच्या पोटातली आग विझणार नव्हती.

त्यातच शहराच्या खर्चाची जी वेबसाइट होती, तिच्यात नव्या सोयी आल्या. आधी नुसते आकड्यांचे रकाने असायचे, बघितले की झोप यायची. आता नकाशा आला. कामावर बोट ठेवलं की झालेल्या कामाचा फोटो दिसायचा, आणि फोटोसारखा फोटो सापडला तर साइट स्वतःच दोन्ही शेजारी मांडायची. खाली बटण: 'प्रश्न विचारा'. प्रश्न सगळ्या शहराला दिसणार, आणि खात्याला चौकशी करून उत्तर द्यावंच लागणार.

शाळेतून आल्या आल्या, दप्तर पाठीवरच ठेवून, टिटवीने ती बाग शोधली. साइटने शेजारी आणखी दोन बागा मांडल्या. तिन्ही बागांत तीच घसरगुंडी आणि तिच्याखाली एक तंगडी वर करून झोपलेला तोच कुत्रा.

"आई, हा कुत्रा शहरभर ड्यूटी करतो बघ!"

आई कणीक मळत होती. तशाच हातांनी येऊन वाकली आणि आधी हसली. मग फोटोखालची ओळ वाचून तिचं हसू मावळलं. कामाला मंजुरी देणारी म्हणून तिथे तिचंच नाव होतं.

"तू तर नाही म्हणालीस ना?"

"म्हणाले होते." आई खुर्चीत बसली. "आमच्याकडे सगळ्यांचे पासवर्ड साहेबांच्या टेबलाच्या काचेखाली असतात. कोणी रजेवर गेलं तर काम अडू नये म्हणून. मीच लिहून दिला होता, गाढवासारखा."

टिटवीचं बोट बटणावरून मागे आलं. तिला साहेबांना बुडवायचं होतं, आणि होडीत आईच बसलेली निघाली.

"मग राहू दे," ती हळूच म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच.

"का राहू दे?" आईचा आवाज टिटवीने कधी ऐकला नव्हता असा होता. "मला तळघरात टाकलं, ते मी गिळलं. पण हा माणूस माझ्या नावाने चोरी करून वर मला ताई म्हणतो?"

"आधी तुलाच धरतील गं."

"धरू देत. तळघरात मला विचारतंय कोण? चौकशीत विचारावं लागेल. आणि मी बोलत असताना त्याला समोर बसून ऐकावं लागेल. कोण रजेवर असताना कोणाच्या नावाने काय मंजूर झालं, सगळं सांगते. बघू तेव्हा किती गोड बोलतो."

"नोकरी गेली तर?"

"तर त्याची घेऊन जाईल."

आईने कणकेच्या बोटाने टिटवीला बाजूला सारलं आणि प्रश्न स्वतः लिहिला. खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं आणि बटण दाबलं.