हुकूमशहाचा पिनकोड

हॅम्बुर्गच्या एका साप्ताहिकात इर्मट्राउट फोसबेर्ग बाई वीस वर्षं छपाईआधीचा मजकूर तपासत होत्या. एकोणीसशे त्र्याऐंशीच्या वसंतात संपादक टीलमान यांनी महायुद्धातल्या जर्मन हुकूमशहाची गुप्त रोजनिशी मिळवली आणि सगळं ऑफिस शॅम्पेन पिऊन नाचू लागलं. बाईंनी मात्र दुपारभर बसून वाचलं आणि वही संपादकांपुढे आपटली.

"साहेब, त्रेचाळीस सालच्या नोंदीत पत्त्याला चार आकडी पिनकोड आहे. तो आपल्याकडे एकसष्टमध्ये सुरू झाला!"

"बघा, किती दूरदृष्टीचा माणूस!"

"अहो, दूरदृष्टी कसली? वही बनावट आहे!"

"बाई, तुम्हाला कुणाचं चांगलं बघवतच नाही. स्वल्पविराम तेवढे तपासा."

बाईंनी कपाळावर हात मारला. तीनदा लेखी कळवलं, तिन्ही कागद न वाचता परत आले. शेवटी त्यांनी स्वल्पविराम तपासले आणि अंक निघाला.

पंधरवड्यात सरकारी तज्ज्ञांनी वही खोटी ठरवली. टीलमान घामाघूम होऊन बाईंच्या टेबलाशी आले.

"तुम्ही जरा ओरडून का नाही सांगितलंत?"

बाईंनी चष्मा काढून ठेवला आणि त्या इतक्या मोठ्यानं ओरडल्या, की खालच्या मजल्यावरची माणसं धावत जिना चढून वर आली.