बांगड्याचा काय गुन्हा?

सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला मुरुडच्या दिनानाथच्या लॉजवर किंकाळी उठली. खोली नंबर तीनमधून. चहाचा ट्रे घेऊन निघालेली त्याची बायको किशोरी जागीच थबकली, आणि दिनानाथ दाढीचा फेस तोंडावर घेऊनच धावला.

आत अमिषा नावाची पाहुणी पलंगावर चढून उभी होती. आदल्याच दिवशी ती मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरून, पुढे गाडी करून आली होती. बरोबर तिचा लाडू, म्हणजे पांढरा, केसाळ, लाडावलेला कुत्रा. लाडू मान तिरकी करून कान खाजवत होता, थांबायचं नावच घेत नव्हता.

"दादा, हे बघा! कानात गोचिडी! एक नाही, तीन!"

मंडळी, आपल्या घरात काही बिघडलं की आपलं बोट सगळ्यात आधी कुणाकडे जातं? ज्याला बोलता येत नाही त्याच्याकडे. दिनानाथचं बोट अंगणात उन्हात पसरलेल्या बांगड्याकडे गेलं.

बांगड्या हा लॉजचा तपकिरी गावठी कुत्रा. पिल्लू असताना कोळणीच्या पाटीतला अख्खा बांगडा पळवला, तेव्हापासून हे नाव. पाच वर्षं झाली, येईल त्या पाहुण्याला तो किनाऱ्यापर्यंत सोडायला जातो आणि परत घेऊन येतो. त्याला हे कुणी शिकवलेलं नाही.

"ह्याच्याच अंगावरून आल्या असणार!" दिनानाथ ओरडला. "गावठी तो गावठीच!" आणि त्याने तिथल्या तिथे चुलतभाऊ दिपेशला फोन लावला. दिपेशचा टेम्पो दर सोमवारी नारळ घेऊन म्हसळ्याला जातो. "दिपेश, आज नारळांबरोबर बांगड्याला पण ने. म्हसळ्याच्या अलीकडे कुठेतरी सोड."

ही युक्ती काही दिनानाथने शोधलेली नाही. नकोसं कुत्रं गोणीत घालायचं आणि दुसऱ्या गावाच्या हद्दीत सोडायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. त्या गावचे लोक त्यांची कुत्री आपल्याकडे आणून सोडतात. याला कुणी पाप म्हणत नाही, सोय म्हणतात!

"अहो, पाच वर्षं दारात वाढवलाय त्याला," किशोरीचे डोळे भरून आले. "अनोळखी गावात त्याला बाकीची कुत्री जगू देतील का?"

"मला काय हौस हाय?" दिनानाथ तिच्याकडे न बघता म्हणाला. "पण पाहुणे तुटले तर आपण खायचं काय?"

किशोरी त्याच्याशी वाद घालत बसली नाही. ती सरळ शेजारच्या कोकिळाकाकींना घेऊन आली. काकींनी गुरांच्या दवाखान्यात तीस वर्षं परिचर म्हणून काम केलेलं. रेड्यापासून सशापर्यंत सगळ्यांना त्यांनी धरून ठेवलेलं, त्यामुळे त्या माणसांना भीत नसत. त्या आल्या तेव्हा दिनानाथ रॉकेलची बाटली घेऊन लाडूच्या कानावर वाकला होता.

"ठेव ती बाटली!" काकी गरजल्या. "कातडी भाजंल त्याची. आन् चाटलं तर पोटात जाईल. रातचा झोपला कुठं ह्यो?"

या प्रश्नावर दिनानाथची छाती फुगली. "काकी, आपल्याकडे पाहुण्यांच्या कुत्र्यांची खास सोय हाय. त्यांचं वेगळं गोणपाट! बांगड्याला त्याच्यावर पाय पण ठेवू देत न्हाय."

"धुतलंस कधी?"

"धुवायचं काय त्यात? कुत्र्यांचंच तर हाय!"

काकींनी कपाळावर हात मारला. मग त्यांनी ते गोणपाट उचललं आणि व्हरांड्याच्या पांढऱ्या लादीवर उन्हात पसरून त्याची एकेक घडी उलगडायला घेतली. तिसऱ्या घडीतून बारीक तपकिरी ठिपके तुरुतुरु पळाले. शिवणीत एरंडाच्या बियांसारख्या फुगलेल्या पाच-सहा गोचिडी आरामात बसल्या होत्या. अमिषा दोन पावलं मागे सरकली. दिनानाथचा चेहरा मात्र फेसापेक्षा पांढरा पडला.

"बघ, ही तुझी कायमची गिऱ्हाइकं!" काकी म्हणाल्या. "गोचीड रगत पिऊन टम्म झाली की खाली गळते, घडीत लपते. पिल्लं काढते, आन् ती पुढच्या कुत्र्याची वाट बघतात. दर आठवड्याला तू त्यांना नवं ताट वाढतोस. बांगड्याला हितं पाय ठेवायची बंदी, तरी त्याच्या मानेवर दोन हायत, येताना चाचपल्या मी. त्यानं दिल्या न्हाईत रं, त्याला तुझ्या लॉजानं दिल्या!"

अमिषाला जोर चढला. "बघा! मी म्हणतच होते, इथेच..."

"आन् पोरी, तू निघायच्या आधी त्याला औषध लावलंस?"

अमिषाचा आवाज एकदम खाली आला. "दोनच दिवस तर फिरायचं होतं, काकी..."

"गोचिडीला दिवस मोजता येत न्हाईत," काकी शांतपणे म्हणाल्या. "डाक्तराला विचारून, वजन बघून, निघायच्या आधीच औषध द्यायचं. गवतातनं, वाडीतनं फिरून आलं की कान, बगला, बोटांच्या बेचक्या, पट्ट्याखालची मान चाचपायची. पिसवांसाठी बारीक फणी फिरवायची. गोचिडीचा ताप आला तर धडधाकट कुत्रा चार दिवसांत आडवा होतो. मी डोळ्यांनी बघितलंय."

त्यांनी चिमटा मागवला, एकेक गोचीड कातडीला लागून धरली आणि न पिळता, न चिरडता सरळ ओढून साबणाच्या पाण्यात टाकली. लाडूने तिन्ही वेळा काकींचा हात चाटला.

एवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला. दिपेश आला होता.

दिनानाथ उठला. त्याने बांगड्याला दोन्ही हातांनी उचललं आणि टेम्पोकडे चालू लागला. "अहो!" किशोरी धावली. बांगड्या मात्र शेपूट हलवत होता. आपला माणूस आपल्याला घेऊन चाललाय, यात वाईट काय असणार, असंच त्याला वाटत असावं! ती शेपूट हातावर आपटली आणि दिनानाथला हुंदकाच आला.

"म्हसळ्याला न्हाय, दिपेश!" तो कसाबसा म्हणाला. "आधी गुरांच्या दवाखान्यात. ह्याला तपासायचाय. आन् लाडूला पण!"

मग काय विचारता! पुढे अमिषा आणि तिच्या मांडीवर लाडू, मागे नारळांच्या राशीवर काकी नि दिनानाथ, आणि काकींच्या पुढ्यात ऐटीत बसलेला बांगड्या, अशी वरात मुरुडच्या बाजारातून निघाली. "काकी, नवरदेव कोण?" कुणीतरी रस्त्यातून विचारलं. "दोघं पण!" काकी ओरडल्या, आणि अख्खा नाका हसला.

डॉक्टरांनी दोघांचं वजन करून औषध दिलं आणि दिनानाथला भिंतींच्या फटींपासून अंगणापर्यंत काय साफ करायचं ते बजावलं. गोणपाट त्याच दुपारी जळालं. आता लॉजवर प्रत्येक कुत्र्याला गरम पाण्यात धुतलेली, कडक उन्हात वाळवलेली चादर मिळते, आणि खोलीची चावी देण्याआधी दिनानाथ विचारतो, "औषध लावून आणलंय ना?" कुणी नाक मुरडलं तर तो मुळीच रागावत नाही, हसून दवाखान्याचा रस्ता दाखवतो.

बंधू-भगिनींनो, आपल्या लाडक्या जनावराला आपण हौसेने समुद्र दाखवायला नेतो, तर ती हौस निघण्याआधी औषधापासून सुरू होऊ द्या आणि परतल्यावर त्याच्या अंगावरून हात फिरवून संपू द्या. आणि दारातल्या गावठीवर आळ घेण्याआधी स्वतःचं अंथरूण झटकून बघा! दिनानाथने ज्याला गावाबाहेर सोडायचं ठरवलं होतं, त्याने मात्र पाच वर्षांत एकाही पाहुण्याला वाटेत सोडलेलं नाही.